ओढ्याकाठची राखण

आमच्या ओढ्याकाठी मेंढरं बसवणारी धनगरीण मावशी, तिचा कुरकुऱ्या नवरा आणि त्यांची दोन कुत्री, यांची आठवण आधी काढते. काय झालं ते मागून सांगते. दुःख सांगता सांगता उपकार राहून गेला तर, अशी मला नेहमी धास्ती असते.

बोरीजवळच्या खेड्यात आमचं घर. माझ्या पाठचा भाऊ दीड-दोन वर्षांचा होता. त्याला सांभाळायला कोणी पाहिजे म्हणून माझी शाळा दुसरीतच सुटली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तो माझ्या कडेवरच वाढला. कडेवर बसला की लगाम धरावा तसा माझा कान धरून ठेवायचा.

गावात गोवर आला. याच्या अंगावर तो नीट उमललाच नाही. "आत दबला," म्हाताऱ्या म्हणाल्या. मग ताप, मग धाप. मावशी रोज बकरीचं ताजं दूध आणायची आणि बोंडल्यानं थेंब थेंब पाजायची. शेवटी शेवटी तो तिच्याच हातून घ्यायचा. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, गाडी जुंपली, आणि वडिलांनी बैल परत सोडले.

एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बायका तिकडं जात नाहीत. वडील आणि चुलते ओढ्यावर गेले आणि लवकर परत आले. आईनं रडणं थांबवून विचारलं, "किती खोल खंदलं?"

"कमरेइतकं," वडील म्हणाले.

"मग धोतराला माती घोट्यापाशीच कशी?"

वडील धोतर झटकायला लागले. चुलत्यांनी सांगून टाकलं, "वहिनी, खाली खडक लागला. वरून धोंडे अन् बाभळीचे काटे रचलेत."

तेव्हापासून आईचा जीव ओढ्यात अडकला. कोल्हं ओरडलं की तिच्या हातातला घास परत ताटात जायचा. "ऐक, तिकडंच ओरडायलंय." स्वतः जाता येत नव्हतं, वडिलांना विचारवत नव्हतं. मला शेण वेचायला म्हणून तिकडं पाठवायची, आणि परत आले की फक्त माझ्या तोंडाकडं बघायची.

एका सकाळी काटे बाजूला झालेले दिसले. माती उकरलेली होती. आतपर्यंत पोचलं नव्हतं, पण उकरलेली होती. आता आईपुढं कुठलं तोंड घेऊन जाऊ? मी घराकडं वळलेच नाही. पलीकडच्या रानात मावशीचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ होता, तिकडं पळाले. तिनं ऐकून घेतलं, माझ्याबरोबर येऊन धोंडे नीट रचले आणि नवऱ्याला हाक मारली, "आजपासून मेंढरं हितं बसवायची."

मेंढरं ज्याच्या रानात बसतात त्याला खत मिळतं, आणि तो धनगराला धान्य देतो. ओढ्याकाठचा हा तुकडा म्हणजे नुसता खडक, मालक नाही की धान्य नाही. नवरा उखडला. "खडकाला खत घालायलीस का? हितं काय उगवंल?"

"टकलाला रोज तेल चोपडतूस, तिथं काय उगवलंय?"

तो पुटपुटत मेंढरं कोंडायच्या जाळीच्या मेखा ठोकायला लागला. मला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून लगेच भीती वाटली.

सांजेला मावशी आमच्या दारात आली. "माय, आमी ओढ्यावरच हाव. कुत्री लय वंगाळ हायत, माणसालाबी फिरकू देत न्हाईत. तू जेव."

थोड्या वेळानं ओढ्याकडून कुत्र्यांचा आवाज आला. आई कान देऊन ऐकत राहिली. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवसापासून ती त्या कुत्र्यांसाठी वेगळ्या भाकरी थापू लागली.

माती घट्ट बसेपर्यंत ते हलले नाहीत. शेजारच्या गावच्या शेतकऱ्याचं बोलावणं आलं होतं, तेही मावशीनं परतवलं. वाडा उठला तेव्हा खुरांनी सगळं सपाट झालं होतं. मग नेमकी जागा कुठली, यावर घरात एकमत होईना. वडील म्हणायचे बाभळीच्या बुडाशी, चुलते म्हणायचे वळणावर. आई म्हणायची, "कोल्ह्यालाबी कळायचं न्हाई, तेच बरं हाय." मी ती जागा मनात धरून ठेवली आहे, पण तीही हळूहळू सरकायलीय की काय, असं वाटून जीव घाबरा होतो.

गडबडीच्या साली आम्ही नवरा-बायको निजामाची हद्द सोडून सोलापूरकडं आलो. तिकडची खबर अजून धड येत नाही. मावशीचा वाडा कुठल्या रानात असेल, ती धडधाकट असेल का, कोणाला विचारू? माझी मुलगी आता कडेवर बसून माझा तोच कान धरते. तिचं अंग जरा कोमट लागलं की मी कंदील जवळ घेऊन पुरळ शोधत बसते.

मावशी, वाट मोकळी झाली की मी येणार. तुझा वाडा असेल तिथं येईन. कुत्र्यांना पाटीभर भाकरी घालीन. आणि त्या रात्री तू निवांत नीज, मेंढरांची राखण मी करीन.