तांबडी मेंढरं

माझी मुलगी हायस्कुलात होती. चित्रकलेच्या मास्तरांनी दिवाळीचं चित्र काढायला सांगितलं. तिनं आमची मेंढरं काढली, तांबडी. मास्तरांनी त्यावर फुली मारली आणि मेंढरं कधी तांबडी असतात का, म्हणून सगळ्या वर्गाला हसवलं. आम्ही धनगर पाडव्याला मेंढरांना गेरू लावतो, हे त्या पुण्याच्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मी तडक शाळेत गेले.

“मास्तर, पाडव्याला आमच्याकडं या. मेंढरं बघा, मग फुली मारा.”

“बाई, दिवाळी म्हणजे पणत्या, आकाशकंदील.”

“तुमची आसंल.”

पुढच्या खेपेला पोरीनं माडीचं घर आणि कंदील काढला. आमच्या झोपडीला कंदील कधीच नव्हता. मास्तरांनी शाबासकी दिली. त्या शाबासकीचा राग मला अजून येतो. मेंढरं तिनं पुन्हा काढली नाहीत.