दवाखान्याचा रंग

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोघं राहायला आली, तेव्हा पूर्णिमाबाईंनी नवऱ्याकडे एकच मागणी केली होती. बैठकीच्या खोलीला फिकट हिरवट राखाडी रंग हवा, वाळलेल्या तुळशीवर राख उडावी तसा. सुदर्शनराव बँकेत अधिकारी. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "हिला दवाखाना थाटायचाय वाटतं!"

सगळे हसले. घर पिवळंजर्द झालं.

पुढे पडदे, सोफा, बाईंच्या साड्यासुद्धा त्यांनीच निवडल्या. बाईंनी काही सुचवलं की विचारायचे, "काय म्हणतात डॉक्टरीणबाई?" मुलीच्या, रुपालीच्या लग्नात व्याह्यांनाही त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला. पूर्णिमाबाई तोंडदेखलं हसल्या. त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

गेल्या वर्षी सुदर्शनराव बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ते घरी खाटेवर पडले आणि पूर्णिमाबाईंनी रंगारी बापूरावांना बोलावणं धाडलं.

"साहेबांना विचारलंत का?" बापूराव चाचरले.

"साहेबांना उठता येत नाही. तुम्ही सुरू करा."

आधी बैठकीची खोली झाली. मग खाट तिथे हलवून आतल्या खोल्या. नवा रंग पाहताच सुदर्शनराव ओरडले, "हे काय चालवलंयस? माझ्या घरात हा रंग?"

"दवाखान्यात राहून आलात ना? म्हटलं, सवय झालीच असेल."

रुपालीचा फोन आला. "आई, बाबा आजारी आहेत गं. आत्ताच कशाला?"

"आत्ताच. बरे असते तर करू दिलं असतं का त्यांनी?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या आठवड्यात जुने पडदेही गेले. सुदर्शनराव विनवायला लागले, तसा बाईंना आणखी जोर चढला. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बँकेतले जुने सहकारी तात्याराव भेटायला आले. दारातच थबकून म्हणाले, "वा! काय शांत वाटतंय हो! कुणी निवडला हा रंग?"

"मीच," सुदर्शनराव पटकन म्हणाले. "म्हटलं, जरा बदल हवा."

पूर्णिमाबाईंनी हातातला चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. "खोटं बोलतायत. हा रंग मागितला म्हणून यांनी आयुष्यभर माझी टिंगल केली. आता पडून आहेत, म्हणून मी लावून घेतला."

तात्यारावांनी मान खाली घातली. चहा अर्धाच पिऊन ते निघाले. दार लागताच सुदर्शनराव पुटपुटले, "चारचौघांत अपमान केलास माझा."

"हो, केला."

संध्याकाळी ते हळू आवाजात म्हणाले, "खाट जरा खिडकीकडे वळवतेस? दिवसभर ही भिंतच दिसते."

"दिसू दे," पूर्णिमाबाई म्हणाल्या. वॉकर घेऊन ते चालायला लागेपर्यंत त्यांनी खाट तसूभरही हलवली नाही.