सुरेखाकाकूंचा चौथा रविवार

टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या आमच्या इमारतीत सुरेखाकाकूंचा आवाज आधी पोचतो, काकू नंतर. प्लास्टिकच्या कचऱ्यात मी दुधाचा खोका टाकला, की तिसऱ्या मजल्यावरून हाक येते, "करमाळा! खोका वेगळा!" करमाळा हे माझं गाव. माझं खरं नाव काकूंना माहीत असावं, पण त्यांनी ते कधी वापरलेलं नाही.

काकू साताऱ्याकडच्या एका शाळेत पीटी शिकवायच्या, एनसीसी सांभाळायच्या. यजमानांना, प्रल्हादकाकांना, टोकियोत काम मिळालं आणि काकू सोबत आल्या. आता आठवड्यातले चार दिवस त्या स्टेशनजवळच्या दुकानात बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे, डबे भरतात. डब्यातलं उकडलेलं अंडंसुद्धा सावधान स्थितीत उभं असतं म्हणे. बाकी त्यांचं स्वतःचं म्हणावं असं इथे एकच: रविवार सकाळचा मुलांचा रायफलचा वर्ग.

दचकू नका. ही रायफल उजेडाची. गोळी नाही, छर्रा नाही; चाप ओढला की लक्ष्यावर प्रकाश पडतो आणि यंत्र गुण सांगतं. वॉर्डातल्या एका क्लबने भारतीय मुलांची तुकडी काकूंच्या हवाली केली होती. अट एवढीच, मुलं किमान पाच हवीत. काकूंकडे बरोब्बर पाच होती.

गंमत म्हणजे पहिले तीन रविवार काकू रायफल हातात देतच नाहीत. रायफल पेटीत, पेटी कोपऱ्यात, आणि मुलं मांडी घालून घोकतायत: बंदूक नेहमी भरलेलीच समजायची. तोंड माणसाकडे करायचं नाही. बोट चापाच्या बाहेर. बेवारस दिसली तर थांबायचं, हात लावायचा नाही, लांब व्हायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं.

"काकू, हे म्हणजे लाडवांचा डबा समोर ठेवून उपास," मी एकदा म्हणालो.

"तुला तर मी तीन वर्षं दिली नसती."

त्याला कारण होतं. एनसीसीच्या एका कॅम्पमध्ये एक मुलगी रायफलच्या नळीत डोळा घालून बघताना त्यांना दिसली होती. रायफल रिकामी निघाली. पण काकू तेव्हा अशा ओरडल्या, की त्यांचा घसा बसला तो कायमचाच.

चौथ्या रविवारी मुलांच्या हातात रायफल यायची, आणि त्यासाठी पालकांची सही लागायची. चार सह्या आल्या. पाचवी, मितालीच्या आईची, जयंतीताईंची, येईना. ती नाही आली तर तुकडी बंद.

"काकू, राग मानू नका," जयंतीताई म्हणाल्या. "बंदूक नजरेला पडत नाही अशा देशात आपण मुलं वाढवतोय. मग आपणच कशाला हातात द्यायची? आज उजेडाची, उद्या हौस वाढली तर?"

"आणि सुट्टीत मामाकडे जाते तेव्हा?"

जयंतीताईंच्या भावाकडे रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक आहे. "दादा ती कुलपात ठेवतो."

"आणि किल्ली देवघरातल्या तांब्यात. मितालीनेच सांगितलंय मला."

"शनिवारी दिवाळीच्या कार्यक्रमात सांगते," एवढंच जयंतीताई म्हणाल्या. त्या आठवड्यात काकू माझ्या कचऱ्याबद्दल एकदाही ओरडल्या नाहीत. तेव्हाच मला काळजी वाटायला लागली.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये कार्यक्रमाची तयारी चालू होती. मी आदल्याच आठवड्यात गावाहून परतलो होतो, आणि मितालीसाठी करमाळ्याच्या बाजारातून टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं. काळं, लोखंडी, हाताला चांगलं जड. चकल्यांच्या डब्याखाली दडपून आणलेलं. पिशवी बाहेर बागेतल्या बाकावर ठेवली आणि मी खुर्च्या उचलायला आत गेलो.

पाचच मिनिटांत बाहेरून किंकाळी आली, "सावारानाइदे!" म्हणजे हात लावू नका.

बाहेर बघतो तर पिशवी कलंडलेली, बाकावर पिस्तूल, आणि दहा पावलांवर नऊ वर्षांची मिताली दोन्ही हात पसरून उभी. तिच्या मागे बाकीची मुलं. एकीला तिने काकूंकडे पिटाळलं होतं. ती स्वतः जागची हलली नव्हती.

मी हसलो. "अगं वेडे, टिकल्यांचं आहे! तुझ्यासाठीच..." आणि हात पुढे केला.

"करमाळा, हात मागे!"

बागेतली कबुतरं उडाली. काकू आल्या. मुलांना आणखी मागे सारलं, पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे धरून, बोट चापाबाहेर ठेवून ते उघडलं आणि टिकल्यांची गुंडाळी काढली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतंच.

"लोखंडी, खऱ्यासारखं दिसणारं. इथे असलं खेळणंसुद्धा जवळ ठेवायला बंदी आहे, माहीत आहे तुला?"

माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर व्हिसा तरळला.

काकूंनी ते कुणाला हलवू दिलं नाही. आमच्यात जपानी चांगलं जयंतीताईंचं; त्यांनी चौकीला फोन केला. दोन पोलीस सायकलींवर आले. त्यांनी मोजमाप घेतलं, फोटो काढले, माझा पत्ता तीनदा विचारला, मला ते स्वखुशीने सोडतोय असं लिहून द्यायला लावलं आणि पुन्हा असं करू नका म्हणून नम्रपणे, पण बराच वेळ सुनावलं. मग एकजण मितालीसमोर उकिडवा बसला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि उठून तिला सॅल्यूट ठोकला. मला नाही.

ते गेल्यावर मी बाकावर बसलो. काकूंनी चकल्यांचा डबा उघडला.

"तुला कधीपासून हवं होतं ना असलं?" जयंतीताईंनी लेकीला विचारलं. "मग उचललं का नाहीस?"

"भरलेलंच समजायचं ना," मिताली चकली चावत म्हणाली. "आणि काकूंनी अजून दिलंच नाहीये."

जयंतीताईंनी फोन काढला. "दादा, तांब्यातली किल्ली आत्ताच्या आत्ता दुसरीकडे ठेव. कुठे ते मला पण सांगू नकोस." फोन ठेवून त्यांनी पर्समधून घडी घातलेला फॉर्म काढला आणि बाकावरच सही केली. "पण उद्या मी येणार. मागे बसून बघणार."

"मागे नाही," काकू म्हणाल्या. आवाज पुन्हा तिसऱ्या मजल्याचा झाला होता. "पुढे, मांडी घालून. तुमचे पहिले तीन रविवार राहिलेत. आणि करमाळा, तुझेही!"