लॅटिन विभागाची पाटी

आयर्लंडमधल्या ज्या विद्यापीठात मी तत्त्वज्ञान शिकवते, तिथे काल सकाळी एक सुतार शेजारच्या लॅटिन विभागाची पाटी उतरवत होता. पाटी पडू नये म्हणून नोरानं ती खालून धरली होती. या विभागात तिनं वीस वर्षं शिकवलं.

"सरकारी अनुदान कमी झालं, विद्यार्थीही कमी. विभाग बंद करायला नियामक मंडळाला तेवढं पुरलं," ती म्हणाली.

"तू बैठकीत बोलली होतीस तरी."

"बोलले की. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुढचा विषय घेतला."

त्या बैठकीत प्राध्यापकांची प्रतिनिधी म्हणून मीही होते. मी बाजूनं हात वर केला नव्हता, पण विरोधातही केला नव्हता. दोन हजार वर्षं टिकलेली भाषा आमच्या इमारतीतून गेली, तेव्हा कुणाचा आवाजसुद्धा चढला नाही. चहा तेवढा गार झाला होता.

नोरा पाटी छातीशी धरून जिना उतरली. सुतार माझ्या दारापाशी आला.

"मॅडम, जरा बाजूला होता का? या मजल्यावरच्या सगळ्या पाट्यांचे स्क्रू बघून ठेवायला सांगितलंय."

मी बाजूला झाले.