वही टाकून धरलेली जागा

माझ्या कथेतली सून नवऱ्याशी भांडून, हातात पिशवी घेऊन दारात उभी होती. तीन आठवडे तशीच. ती बाहेर पडेना, आत वळेना आणि मला पुढचं वाक्य सुचेना. शेवटी वैतागून मी लोणारला बहिणीकडे निघाले.

चिखलीच्या स्टँडवर गाडी लागली तशी गर्दी तुटून पडली. आमच्याकडे खिडकीतून रुमाल आत टाकला की जागा आपली. रुमाल घरीच राहिला होता. रागारागानं मी पिशवीतली कथेची वहीच आत फेकली. निदान तेवढी तरी कामाला येऊ दे, म्हटलं.

वर चढले, तर माझ्या जागेवर एक म्हातारी मावशी चष्मा लावून वही वाचत बसलेली.

"मावशी, ही जागा माझी आहे."

"हाव. पण या पोरीचं पुढं काय झालं?"

"मलेच माहीत नाही. तीन हप्ते झाले, दारातच उभी आहे."

"लिवणारी तू, अन् तुलेच माहीत नाही? सांगितल्याबिगर मी उठत नाही."

दांडा धरून, चिडून, मी तोंडाला येईल ते सांगू लागले. सून नदीपर्यंत गेली. "एकटीच?" मी मागून सासूला पाठवली. "चप्पल घातली का तिनं?" नाही, सासू अनवाणीच धावली. मेहकर येईपर्यंत दोघी नदीकाठी एकाच फडक्यातली भाकर खात होत्या.

मेहकरला मावशी उठली.

"बस आता. तू तासभर उभी राह्यली तं तोंड उतरलं तुयं. ते पोरगी तं तीन हप्ते उभी होती."