लेकीचं ‘बरं हाय’

आमच्या घरात दुखणं बोलून दाखवायची पद्धत नाही. आमच्या गावी, अणदूरला, कुणी भेटायला आलं आणि “कसं हाय?” म्हणालं, तर तापानं फणफणलेला माणूससुद्धा “बरं हाय” म्हणतो. बोललं की दुखणं वाढतं, असं सासूबाईंचं म्हणणं. मी त्यावर नाक मुरडायचे, आणि लेकीला मात्र तेच शिकवायचे.

ती नऊ वर्षांची असताना तिच्या अपेंडिक्सला सूज आली. डॉक्टर म्हणाले, “लगेच ऑपरेशन नको, सलाईनमधून औषधं देऊन बघू. पण दुखणं वाढलं की लगेच सांगायचं. त्यावर औषध आहे, लपवायचं नाही.” मी मान डोलावली. त्यांची पाठ वळताच लेकीच्या कानात म्हणाले, “रडू नगं. लई दुखतंय म्हणलीस तर पोट कापत्याल.”

अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरनं तिच्यापुढं हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा कागद धरला. “किती दुखतंय, बोट ठेव.” लेकीनं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. “बरं हाय,” म्हणाली. मला हायसं वाटलं. सिस्टर गेल्यावर मी चादर नीट करायला गेले, तर तिचे गुडघे पोटाशी आवळलेले आणि चादरीचं टोक चावून चावून ओलं झालेलं.

अपेंडिक्स आतल्या आत फुटलं असलं तर? मी अनवाणीच ओरडत डॉक्टरांकडं पळाले.

त्यांनी पोट तपासलं, सोनोग्राफी पुन्हा केली. तेवढ्या वेळात खंडोबाला किती हाका मारल्या, आठवत नाही. फुटलं नव्हतं. दुखणं कमी करायचं औषध चढवलं, तसे तिचे गुडघे हळूहळू सरळ झाले. “कापायचं का न्हाय ते डॉक्टर बघत्याल,” मी तिला म्हणाले, “तू फकस्त खरं सांग.” तिनं मान डोलावली. पुढं चार दिवसांनी ऑपरेशनशिवायच आम्ही घरी आलो.

पण ते दुखणं परत उलटू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यामुळं आजही जेवताना तिचा हात पोटाकडं गेला की मी हातातला घास ताटात ठेवते.

“दुखतंय का गं?”

ती आधी माझ्या तोंडाकडं बघते. मी किती घाबरलेय ते बघते. मग म्हणते, “न्हाय गं आई, बरं हाय.”

खरंही असेल. पण ते ओळखायची सोय मीच ठेवली नाही.