रिकाम्या डब्याची रुंदी

ज्ञानेश्वरीला पसारा बघवत नसे, मग तो दुसऱ्याचा का असेना. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात ती नमुने तपासायची. तिथल्या बाटल्यासुद्धा ती घरच्या मसाल्याच्या डब्यांसारख्या ओळीत लावून ठेवायची. वडील रामकिसन हिंगोलीकडून नोकरीसाठी आले ते इथेच राहिले. दोन खोल्यांत सगळं घर वाढलं. जागा थोडी असली की प्रत्येक वस्तूला आपली ठरलेली जागा लागते, हे तिला तिथेच कळलं.

कोड लिहायला ती आपली आपणच शिकली, आणि निमित्त झालं किनाऱ्यावरच्या दांडी गावाचं. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत भिकाभाऊ बसायचे. त्यांच्याकडे एक जुना संगणक होता आणि छपरावर अँटेना. समुद्रात गेलेल्या बोटींवरच्या यंत्रांकडून संदेश आला की पडद्यावरच्या नकाशात बोटीची खूण उमटायची. सॉफ्टवेअर फुकटचं आणि खुलं. कुणीही आत डोकवावं, काही सुधारावं. जगभरची माणसं रिकाम्या वेळात तेवढंच करत बसायची. ज्ञानेश्वरीने त्यातले इंग्रजी शब्द मराठीत केले, तर ते पडद्यावर अर्धेच दिसू लागले. परक्या मापाने शिवलेल्या चौकटीत मराठी शब्द मावतच नव्हते.

मग ती चौकटींच्या मागे लागली. उघडून बघते तर डब्यात डबा, त्याच्या पोटात आणखी डबा. कुणीतरी कधीकाळी ठोकून बसवलेली मापं आणि त्यांवर दुसऱ्याच कुणाची ठिगळं. पावसाळाभर ती हे उसवत राहिली. शेवटी एक रिकामा डबा उरला. आत काहीच नाही, नुसती ठोकलेली रुंदी. ती कशासाठी, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तिने तो डबा काढून टाकला. तिच्या रुंद पडद्यावर काहीही हललं नाही. कधी न पाहिलेल्या दूरदेशीच्या एका माणसाने काम तपासलं, ‘सुरेख’ म्हटलं, आणि ते नव्या आवृत्तीत गेलं.

दिवाळी उलटल्यावर एका दुपारी पहिली पाळी संपवून ती दांडीला गेली. भिकाभाऊंनी नवी आवृत्ती चढवली होती. ती बघायला म्हणून ती गेली. खरं म्हणजे चार शब्द कौतुकाचे ऐकायला.

कचेरीबाहेर पारूमावशी वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिचा मुलगा मिथुन एका खलाशाला घेऊन पहाटेच डोलीवर, समुद्रात बांधलेल्या जाळ्यावर, गेला होता.

“या, कंपनीवाल्या मॅडम,” पारूमावशी म्हणाली. “आमच्या वासानं पळून नको जाव हां.”

“मावशी, आमच्या कारखान्याच्या वासापुढे तुमचे बोंबील म्हणजे अत्तर.”

पारूमावशी खळखळून हसली. आतून भिकाभाऊंनी हाक दिली, “ये पोरी, बघ तुझं काम! कसं सपाट केलंस. पयलं नुसतं झेंगट होतं उजव्या अंगाला.”

ज्ञानेश्वरी सुखावून पडद्याकडे वळली. निळ्यावर पाच-सहा खुणा. उजवीकडे बोटींची नावं, त्यांच्या जागा. शब्द पूर्ण, ओळी सरळ. तरी काहीतरी खटकत होतं. घरात सगळं आवरलेलं असावं आणि कुणीतरी माणूसच कमी असावं, तसं.

“भाऊ, वेळ कुठे गेली?”

“कसली वेळ?”

“खूण किती जुनी ते. नावाशेजारी यायची.”

“ती? तुझं नवीन टाकलं तवापासून नाय दिसत. मला वाटलं, काढलीस. बरं केलंस, नजरेला त्रासच होता.”

बोटीवरचं यंत्र बंद पडलं तरी तिची खूण पडद्यावरून जात नसे. शेवटच्या जागीच थांबून राही. ती ताजी की शिळी, हे तो एक आकडाच सांगायचा. भिकाभाऊंचा पडदा जुना आणि अरुंद. तो रिकामा डबा इथे एकच काम करत होता: त्या आकड्यापुरती जागा धरून ठेवायचं. डबा गेला आणि आकडा चिरडून नाहीसा झाला.

तिने माउसने उजवी कड ओढली. नावं सरकली आणि मागून आकडे बाहेर आले. आत्ताची. आत्ताची. एक मिनिट. आत्ताची. मिथुनच्या बोटीपुढे नऊ तास.

“भाऊ, मिथुनची खूण सकाळची आहे.”

“काय तरीच. बघ ना, डोलीवरच हाय.”

यातच सगळं अडलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावात दिवसभर एका जागी खिळलेली खूण बघून कुणीतरी हटकलं असतं. पण दांडीची डोल म्हणजे तळाशी ठोकलेल्या खुंटांना बांधलेलं जाळं. बोट शेजारी नांगर टाकून पाणी फिरायची वाट बघते. न हलणारी बोट इथे कामावर असलेली बोट. सकाळपासून भिकाभाऊ त्या खुणेकडे बघत होते आणि मिथुन नीट आहे असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी वायरलेस उचलला. “मिथुन, मिथुन, आवाज येतो काय?” नुसती खरखर. “जाळ्यावर असला की बॅटरी वाचवायला बंद ठेवतो तो.”

“शेजारच्या डोलीवर चिंतूची बोट दिसतेय. त्याला जाऊन बघायला सांगा.”

“आता पाणी फिरंल. चिंतूनं जाळं उचलायचं सोडून जायचं, आणि मिथुन तिथंच घोरत पडलेला गावला तर? गाव मला खाऊन टाकंल. हा आकडा आता उगवला, तोच खोटा नसंल कशावरनं?”

दारात पारूमावशी उभी होती. हातांना खवलं चिकटलेली, चेहऱ्यावरचं हसू विरलेलं. “काय झालं मिथुनचं?”

ज्ञानेश्वरीला वाटलं, काहीतरी मोघम बोलावं. यंत्रात बिघाड असेल म्हणावं. तसं म्हटलं तर तिच्यावर काही येणार नव्हतं. आणि चिंतूही जागचा हलणार नव्हता.

“आकडा खरा आहे,” ती म्हणाली. “माझ्यामुळे झाकला गेला होता. मी नको तो भाग काढला. या पडद्यावर बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. मावशी, सकाळपासून ही नुसती खूण आहे. बोट कुठे आहे, हे कुणालाच माहीत नाही.”

पारूमावशीने तिच्याकडे असं पाहिलं की ती नजर तिला पुढे कितीतरी दिवस अंगावर जाणवत राहिली. मग मावशी भिकाभाऊंकडे वळली. “चिंतूला सांग. आत्ताच.”

चिंतूचा आवाज आला तोवर ऊन उतरलं होतं. “भिकाभाव, जाळं हाय. बोट नाय. नांगराचा दोर तुटलेला दिसतो.”

पहाटे मतलई वारा होता, जमिनीवरून समुद्राकडे ढकलणारा. डोलीच्या पलीकडे मोठ्या जहाजांची वाट. भिकाभाऊंनी एकेका बोटीला हाक दिली. एकेक खूण आपलं जाळं सोडून पश्चिमेला सरकू लागली. पडद्यावर फक्त मिथुनची खूण ठाम होती, नसलेल्या बोटीची जागा राखत. ज्ञानेश्वरीला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढता येईना. पारूमावशी उंबऱ्यावर बसून राहिली. वलांडीवर अर्धे बोंबील घातलेले, अर्धे पाटीत तसेच.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा खरखरीतून चिंतू ओरडला, “गावला! दोघंबी जिते हायत!”

पारूमावशीने पदर तोंडाशी धरला. मग उठली. ज्ञानेश्वरीच्या पुढ्यात येऊन म्हणाली, “बाय, रडतेस कशाला? तो आकडा लाव आधी. माझ्यासमोर.”

तिने लॅपटॉप उघडला. काढलेली रुंदी परत घातली आणि शेजारी लिहिलं: हा डबा रिकामा नाही. अरुंद पडद्यावर खुणेचं वय याच्याच आधाराने दिसतं. काढू नका. दुरुस्ती जगासाठी पाठवायच्या आधी तिने ती भिकाभाऊंच्या संगणकावर चढवली. उजवी बाजू पुन्हा फुगली, ओळी वाकड्या झाल्या. पारूमावशीने पडद्यावर बोट टेकवत तिला प्रत्येक आकडा वाचायला लावला.

रात्री उशिरा चिंतूने ओढून आणलेली बोट धक्क्याला लागली. मिथुन भिजलेल्या अंगाने कचेरीत आला, हाताला चिंधी गुंडाळलेली. नांगर तुटला, बॅटरीत पाणी गेलं, मग सगळंच मुकं झालं, असं त्याने तुटक सांगितलं. मग त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. त्याची खूण अजून डोलीवरच होती.

“आयला, मी अजून तिथंच हाय काय?”

पारूमावशीने त्याचा दंड धरून त्याला पडद्यापुढे ओढलं आणि खुणेशेजारचा आकडा दाखवला.

“सोळा तास,” ती म्हणाली. “वाच.”